थंडीत कोणतं खत घालू? आधी कुंड्यांचे तीन गट करा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकमध्ये इमारतीच्या गच्चीवर तुमच्या चाळीसेक कुंड्या आहेत. दिवाळीपर्यंत सगळं हिरवंगार होतं. डिसेंबर लागला आणि तुळस काळवंडायला लागली, जास्वंदाची पानं पिवळी पडून कळ्या गळू लागल्या, कढीपत्त्याची फूट थांबली, हळद आडवी झाली आणि गुलाबाच्या पानांवर पांढरी भुकटी दिसायला लागली. तुम्ही रोज संध्याकाळी न चुकता पाणी घालता. शेजाऱ्यांनी सुचवलं म्हणून दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) ही देताय. तरी फरक नाही, तेव्हा याहून जोरदार खत कोणतं, असं विचारलंय. शिवाय जानेवारीत लग्नासाठी दहा दिवस गावी जायचंय, तेव्हा बागेचं काय करायचं, हाही प्रश्न आहेच.

मी नाशिक आणि पुण्याकडच्या गच्च्या आणि बंगल्यांच्या बागा सांभाळायचं काम बरीच वर्षं करतोय. डिसेंबरमध्ये फोन येतात ते बहुतेक याच तक्रारीचे, आणि प्रत्येकाला खताचंच नाव हवं असतं. पण तुमच्या वर्णनात खताची उणीव कुठेच दिसत नाही. तुमच्या गच्चीवर तीन तऱ्हेची झाडं आहेत. काही झोपलीत, काही ऐन भरात आहेत आणि काहींना थंडी खरोखरच सोसत नाही. या तिघांना तुम्ही एकच वेळापत्रक लावलंय: रोज पाणी, आठवड्याला खत. उन्हाळ्यात असं चालून जातं. थंडीत झोपलेल्या झाडाला भरात असलेल्या झाडाचं पाणी मिळालं, की ते कुजतं.

आता हे सगळीकडे सारखं लागू नाही, ते आधीच सांगतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात डिसेंबर-जानेवारी हा बागेचा उत्तम काळ. रात्रीचा पारा क्वचितच पंधराच्या खाली जातो, त्यामुळे तिथल्या मंडळींनी झाडं झाकण्याच्या भानगडीत पडू नये. नाशिक, पुणे, नगर, जळगाव, नागपूर, गोंदिया इकडे हवा वेगळी. नाशिकजवळच्या निफाडला पारा पाचाखाली गेल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी येतेच आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दवाचे हिमकण होतात, तेही तुम्ही वाचलं असेल. एकाच शहरातही फरक पडतो. पुण्यात पाषाण आणि मगरपट्टा यांच्या किमान तापमानात एकाच रात्री कितीतरी अंशांचं अंतर असतं. थंड हवा जड, ती सखल भागात उतरून साचते. त्यामुळे नदीकाठच्या, खोलगट जागेतल्या बंगल्याच्या अंगणात जी थंडी लागते, ती तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर तेवढी लागत नाही. गच्चीवर त्रास होतो तो वाऱ्याचा. म्हणून वर्तमानपत्रातल्या आकड्यावर विसंबू नका. एक साधा थर्मामीटर गच्चीवरच टांगा आणि पहाटे बघा.

आता पाणी. तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

झाड पाणी पितं ते मुख्यतः पानांतून बाष्प उडतं म्हणून. डिसेंबरात दिवस अकरा तासांचा होतो, ऊन तिरपं पडतं, माती गार असते. मुळांचं काम मंदावतं. एप्रिलमध्ये जी १२ इंची कुंडी दिवसात कोरडी व्हायची, ती आता चार-पाच दिवस ओली राहते. त्यात तुम्ही संध्याकाळी पाणी घालता. म्हणजे रात्रभर गार, ओल्या मातीत मुळं बसणार. मातीतली हवेची जागा पाण्याने भरते, मुळांना श्वास मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे पानं मलूल पडतात. पानं मलूल दिसली की आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी एक झारी ओततो. जास्वंदाची खालची पानं पिवळी, मऊ पडून गळतायत आणि माती मात्र ओली आहे, असं असेल तर शंका नको. खात्री करायची असेल तर कुंडी आडवी करून गोळा हलकेच बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट, टणक असतात. कुजलेली तपकिरी, बुळबुळीत असतात, बोटांत धरून ओढली की साल निघून आत नुसता दोरा उरतो, आणि मातीला आंबूस वास येतो.

असं आढळलं तर कुजलेली मुळं कात्रीने छाटा, जुनी चिखलमाती झाडून टाका, भुसभुशीत कोरडसर मातीत झाड परत लावा आणि एकदाच थोडं पाणी देऊन उबदार जागी ठेवा. एरवी डिसेंबर-जानेवारीत कुंडी बदलायची नाही, पण मुळं कुजत असताना मुहूर्त बघत बसू नये.

बाकी कुंड्यांना पाणी कधी द्यायचं? वार ठरवू नका. बोट मातीत घाला, दोन पेरं आत. ओलं लागलं तर पुढे चला. मोठी कुंडी असेल तर बांबूची काडी खुपसून दहा मिनिटांनी काढा, माती चिकटून आली तर पाणी नको. लहान कुंड्या उचलून बघायची सवय लावा, वजनावरून आठवड्याभरात हाताला कळायला लागतं. पाणी द्यायचं ते सकाळी, ऊन गच्चीवर आल्यावर, साधारण नऊ-दहाला, आणि दिलं की तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यायचं. रोज कपभर शिंपडलं तर वरचा थर चिखल होतो आणि खालची माती कोरडी राहते. टाकीतलं पहाटेचं पाणी फार गार असतं. बादलीत भरून तासभर उन्हात ठेवलं तर बरं. कुंडीखालच्या बशा थंडीपुरत्या काढून ठेवा.

इथे एक गोंधळ नाशिककरांचा हमखास होतो, म्हणून सांगतो. आपल्याकडे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे ठिबक चालू करतात आणि बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. ते बघून लोक गच्चीवर रात्री कुंड्या भिजवतात. शेतात ते योग्य आहे. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते, विहिरीचं पाणीही हवेपेक्षा उबदार असतं. पण एकराची जमीन आणि दहा किलो मातीची कुंडी यांची बरोबरी नाही. कुंडी चारी बाजूंनी हवेत असते, तिच्यातली ऊब दोन तासांत निघून जाते आणि मागे उरतो गार चिखल. धुराचं तर बोलायलाच नको, सोसायटीची नोटीस येईल तेवढी.

दुसरी गोष्ट उन्हाची. ही बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकतो. नाशिकच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीही तो जमिनीपासून साधारण ४६ अंशांवरच असतो. मे-जूनमध्ये तोच जवळजवळ डोक्यावर असतो. ४६ अंशांचा अर्थ असा, की कुठल्याही वस्तूची सावली दुपारीही जवळपास तिच्या उंचीएवढी पडते. तुमच्या गच्चीचा दक्षिणेकडचा कठडा साडेतीन फुटी असेल तर त्याच्या आतल्या बाजूला तीन-साडेतीन फुटांचा पट्टा दिवसभर सावलीत असतो. आणि आपण कुंड्या मांडतो कुठे? कठड्याला लागून, ओळीने. पावसाळ्यात ऊन मिळत होतं त्या जागी आता मिळत नाही, आणि झाड तर तेच, कुंडी तीच, म्हणून कारण सापडत नाही. उद्या बारा वाजता गच्चीवर जाऊन खडूने सावलीची रेघ आखा. दक्षिणेकडच्या कुंड्या उचलून उत्तरेकडच्या कठड्याला किंवा जिन्याच्या खोलीच्या दक्षिण भिंतीला लावा. त्या भिंतीला दिवसभर ऊन लागतं आणि रात्री ती ऊब सोडते. माझ्या अनुभवात जास्वंदाला आणि कढीपत्त्याला या एका हलवाहलवीने जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही डब्यातल्या औषधाने पडत नाही. ज्यांची बाल्कनी उत्तरेला आहे त्यांच्याकडे या दोन-तीन महिन्यांत थेट ऊन येणारच नाही. तिथे फुलझाडांकडून अपेक्षा ठेवू नये, शोभेची पानं सांभाळावीत.

आता तुमच्या झाडांचे गट करू.

झोपलेल्यांबद्दल फार बोलायचं नाही. हळद आडवी झाली म्हणून तुम्ही घाबरलात, पण अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद आता पिकली आहे. पानं पिवळी होऊन वाळली की पाणी बंद करायचं, पंधरा दिवसांनी कुंडी पालथी करायची आणि गड्डे काढून घ्यायचे. आल्याचंही तेच. चाफ्याची पानगळ, अडेनियमची पानगळ, कॅलेडियम आणि भुईचाफा जमिनीत गडप होणं, सीताफळ बोडकं होणं, हे सगळं नेहमीचंच. चाफ्याला आणि अडेनियमला तीन आठवड्यांतून एकदा, तेही थोडं पाणी. कंदांच्या कुंड्या कोरड्या करून जिन्याखाली सारा आणि वर चिठ्ठी लावा, नाहीतर फेब्रुवारीत कोणीतरी रिकामी कुंडी समजून त्यात झेंडू लावतं.

भरात आहेत ती झाडं: गुलाब, शेवंती, झेंडू, पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स आणि सगळ्या पालेभाज्या. तुमचं खत, तुमचा वेळ, चांगल्या उन्हाची जागा, सगळं यांना द्या. शेवंतीबद्दल एक बारीक गोष्ट. ती रात्र मोठी झाली की कळ्या धरते. गच्चीवरचा दिवा रात्री बारापर्यंत तिच्या डोक्यावर जळत असेल तर तिला रात्र लहानच वाटते आणि झाड नुसतंच वाढत राहतं. अशी कुंडी दिव्यापासून लांब ठेवली पाहिजे.

गुलाबाची छाटणी तुम्ही ऑक्टोबरात केलीत असं लिहिलंय, म्हणजे फुलं वेळेवर आली. आता कोमेजलेलं फूल नुसतं खुडू नका. खाली पाच छोट्या पानांचं मिळून झालेलं पान बघा आणि बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) थोडं वर तिरका काप घ्या. पांढरी भुकटी म्हणजे भुरी. दिवसा ऊन, रात्री गारवा, हवा कोरडी आणि कुंड्या एकमेकींना खेटून, हे तिचं आवडतं हवामान. गंमत म्हणजे बहुतेक बुरशींना पानावर ओल लागते, हिला लागत नाही. म्हणून 'पानं कोरडी ठेवा म्हणजे रोग येणार नाही' हा नियम इथे पुरत नाही. आधी जास्त बाधलेली पानं आणि शेंडे काढून पिशवीत भरून फेका, कंपोस्टमध्ये घालू नका. कुंड्यांत वीतभर अंतर ठेवा. मग पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, पानांच्या दोन्ही बाजूंनी, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. द्राक्षवाल्यांकडे ही पुडी असतेच. फवारताना तोंडाला फडकं बांधा. एक पथ्य पाळा: गंधक आणि कडुनिंबाचं तेल यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात.

कडुनिंबाचं तेल निघालंच आहे म्हणून सांगतो. थंडीत मावा वाढतो. शेवंतीच्या कळ्यांवर, वालावर, कोबीच्या पानामागे काळे-हिरवे ठिपके दाटीने बसलेले दिसतील, आणि मुंग्यांची रांग दिसली की समजायचं मावा आहेच. आधी पाण्याची जोरदार धार मारून धुऊन काढा, निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्यावर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल. पण या दिवसांत बाटलीतलं तेल गोठून तुपासारखं होतं. लोक तसंच चमच्याने काढून पाण्यात टाकतात, ते वर तरंगतं, पंपाचं तोंड तुंबतं आणि मग 'तेलाचा उपयोग होत नाही' असा निष्कर्ष निघतो. बाटली कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, पातळ झालं की आधी चमचाभर भांड्याच्या साबणाच्या द्रावात घोटा, दुधी झालं की मग कोमट पाण्यात मिसळा. फवारणी लगेच संपवा, उरलेलं उद्यासाठी ठेवू नका.

आता तिसरा गट, ज्यांना थंडी बाधते. तुळस, जास्वंद, कढीपत्ता, मिरची, नागवेल, मनी प्लांट, क्रोटन.

तुळशीवर दोन संकटं एकदम येतात. कार्तिकात लग्न लागतं तोवर ती मंजिऱ्यांनी लगडलेली असते, बी धरण्यात तिची ताकद संपलेली असते, आणि तेवढ्यात थंडी पडते. पारा दहाच्या खाली गेला की पानं काळवंडतात. मंजिऱ्या आता हाताने खुडा. वाळलेल्यांतलं बी कागदाच्या पुडीत ठेवा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला पेरायला होईल. हिरव्या फांद्या मात्र छाटू नका. नवी फूट आली तर तीच आधी करपेल. आणि खरी अडचण पूजेची आहे. सकाळी आंघोळीनंतर तांब्याभर पाणी तुळशीला जातं, घरात दोन बायका असतील तर दोन तांबे. उन्हाळ्यात ते हवंच असतं. आता पळीभर घाला, तांब्यातलं उरलेलं गुलाबाला द्या. सासूबाईंना पटवायचं असेल तर बोट घालून ओली माती दाखवा, बहुतेक पटतं. बुंध्याशी हळद-कुंकवाचा थर साचला असेल तर तो खरवडून काढा आणि उदबत्ती मातीत खोचण्याऐवजी वेगळ्या वाटीत लावा. वृंदावन हलवता येत नसेल तर रात्री वरून सुती कापड टाका. एवढं करूनही तीन-चार वर्षांची, बुंधा लाकडासारखा झालेली तुळस गेली तर वाईट वाटून घेऊ नका, तिचं वय झालं होतं. बाजूला एक लहान रोप नेहमी तयार असावं.

जास्वंदाच्या कळ्या गळतात त्याला ओल्या मातीखेरीज पिठ्या ढेकूणही कारण असू शकतो. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतंय का बघा. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात खरवडून काढता येतं. उमललेलं फूल या दिवसांत झाडावर जास्त टिकतं, कळी उमलायलाही जास्त दिवस घेते, म्हणून एकूण फुलं कमी वाटतात. कढीपत्त्याला काही झालेलं नाही, तो थांबलाय एवढंच. फोडणीसाठी काड्या ओरबाडून त्याला बोडका करू नका, दोन महिने बाजारातून आणा.

झाकण्याबद्दल. निरभ्र रात्री झाडं आणि माती आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतात. सकाळी उघड्यावरच्या स्कूटरच्या सीटवर दव असतं आणि पोर्चखालच्या स्कूटरवर नसतं, त्याचं कारण हेच. म्हणजे डोक्यावर नुसता छज्जा किंवा कापड आलं तरी दोन-तीन अंश वाचतात. माझा हिशेब असा: गच्चीवरचा थर्मामीटर दहाच्या वर असेल तर काही करू नका. आठच्या खाली जाऊ लागला की या तिसऱ्या गटाला भिंतीजवळ, छज्जाखाली घ्या. पाचाच्या आसपास आला तर संध्याकाळी जुनी सुती साडी किंवा शेतीच्या दुकानात मिळणारं पांढरं क्रॉप कव्हर टाका, काठ्या रोवून, पानांना टेकणार नाही असं. प्लॅस्टिक नको. आत पाणी सुटतं आणि जिथे पान टेकतं तिथे काळं पडतं. ऊन आलं की झाकण काढायलाच हवं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ढगाळ हवा किंवा अवकाळी आली तर त्या रात्री थंडी कमी असते, तेव्हा झाकायची गरज नसते. मात्र पाणी आणखी कमी करा.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, खत. झोपलेल्या आणि थंडीने आखडलेल्या झाडांचं खत आजपासून बंद. त्यांनी ते घेतलेलंच नाही, क्षार मातीत साचलेत. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी खरपुडी दिसत असेल तर ती त्याचीच. वरचा इंचभर थर काढून नवी माती घाला. जी थोडीफार झाडं जोर करून खत घेतात, त्यांना नत्रामुळे लुसलुशीत फूट येते. ती थंडीने करपते आणि माव्याला मेजवानी होते. भरात असलेल्या गटाला मात्र द्या: १२ इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, आणि गुलाब-शेवंतीला पंधरा दिवसांतून एकदा तुमचंच १९:१९:१९, लिटरला दोन ग्रॅम, ओल्या मातीवर, सकाळी. पाकीट फेकायची गरज नाही. गार मातीत जिवाणूंचं काम मंदावतं, त्यामुळे शेणखताचा आणि पेंडीच्या पाण्याचा परिणाम उशिरा दिसतो. उशीर झाला म्हणून मात्रा वाढवू नये. टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळट दिसली तर बहुतेक वेळा तो गार मातीचा परिणाम असतो. मुळांना स्फुरद उचलता येत नाही. ऊब आली की आपोआप सुधारतं.

रिकाम्या झालेल्या कुंड्यांत आता मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर टाका. धणे रगडून दोन फाकी करून, रात्रभर भिजवून पेरा. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतील, तोवर उकरून बघू नका. मेथी महिन्याभरात ताटात येते. भेंडी, गवार, काकडी यांचं बी मात्र थांबवा. गार मातीत ते उगवण्याआधी कुजतं. संक्रांत उलटली, रात्री पंधराच्या आसपास येऊ लागल्या की पेरा.

मोगऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण यादीत आहे म्हणून. त्याला आता ताण द्यायचा. डिसेंबर अखेरपासून पाणी अगदी कमी, जानेवारीच्या शेवटी निम्म्यापर्यंत छाटणी, उरलेली पानं ओरबाडून काढायची, वरची दोन इंच माती उकरून आठवडाभर ऊन द्यायचं आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी. मार्चपासून कळ्या येतात. जास्वंद, कढीपत्ता यांची छाटणी, कुंड्या बदलणं, खत पुन्हा सुरू करणं, हे सगळं डोळे फुगायला लागले की करायचं. आपल्याकडे म्हणतात, महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत जाते. नाशिकला साधारण तोच हिशेब धरा, कोकणात संक्रांतीनंतर लगेच.

राहिला तुमचा दहा दिवसांचा प्रवास. याची काळजी उन्हाळ्यात करायची, जानेवारीत नाही. निघण्याच्या आदल्या सकाळी फक्त भरात असलेल्या कुंड्यांना पोटभर पाणी द्या आणि त्या कमी उन्हाच्या जागी, वाऱ्याच्या आडोशाला एकत्र मांडा. परत आल्यावर लगेच वेगळ्या करा, भुरीमुळे. मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर घाला. काढणीला आलेली मेथी-पालक कापून खाऊन जा. गुलाबावरची उमलू घातलेली फुलं काढून टाका, नाहीतर येईपर्यंत त्यांची बोंडं झालेली असतील. तिसरा गट जाण्याआधीच छज्जाखाली घ्या, कारण रोज साडी टाकायला आणि काढायला कोणी नसणार. किल्ली कोणाकडे ठेवणार असाल तर त्यांना एकच काम सांगा: चौथ्या आणि आठव्या दिवशी सकाळी पालेभाज्यांच्या लहान कुंड्यांना पाणी. बाकीच्यांना हात लावू नका, हे स्पष्ट सांगा आणि झारी लहान ठेवून जा.